पाणी नक्की मुरतंय कुठे?

‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर कुणाचं तरी वागणं असतं. पण घरात खरोखरच पाणी मुरत असेल, तर? तेही फरशीच्या खाली, जिथे ना डोळा पोचतो ना हात? नळ गळला तर टपटप ऐकू येते, टाकी वाहिली तर शेजारीण हाक मारते. फरशीखालचा पाइप फुटला तर कुणीच हाक मारत नाही. महिनोन्‌महिने पाणी मुरमात जिरत राहतं आणि आपण म्हणतो, “यंदा ओल जरा जास्तच आहे.”

गेल्या पंधरा-वीस वर्षांत गावोगावच्या घरांमध्ये एक मोठा बदल झाला. पूर्वी नळाचे पाइप भिंतीवरून उघडे जायचे. दिसायला बरे नसतील, पण गळले की दिसायचे. आता सगळं ‘कन्सील्ड’. पाइप भिंतीत आणि फरशीखाली, वर चकचकीत टाइल्स. घर सुंदर दिसतं यात शंका नाही, पण दुखणंही झाकलं जातं.

गळती एवढीशी, नुकसान मोठं

थोडा हिशोब करू या. सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसाला साधारण चार लिटर पाणी जातं. हे झालं थेंबाचं. गच्चीवरची टाकी एक मीटर रुंद आणि गोल असेल, तर तिच्यातली पातळी एक सेंटिमीटर उतरली की जवळजवळ आठ लिटर पाणी गेलं असं समजा. रात्रीच्या आठ तासांत ती दोन बोटं म्हणजे तीनेक सेंटिमीटर उतरली, तर दिवसाला सत्तर लिटर होतात. शहरी पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे घरातल्या अर्ध्या माणसाचं पाणी जमिनीत चाललंय. ज्या गावात पाणी चार दिवसांआड येतं, तिथे हे परवडेल का? शिवाय मोटर पुन्हापुन्हा लावावी लागते, ते विजेचं बिल वेगळंच.

पाणी जातं तेवढ्यावर भागत नाही. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर या भागांत काळी माती आहे. ती भिजली की फुगते आणि सुकली की आकसते. घराच्या एका कोपऱ्याखालची माती सतत भिजत राहिली, तर फरशी उचलते, दाराची चौकट आवळते, भिंतीला तिरकी भेग जाते. मुरमाची भरणी नीट धुम्मस केलेली नसेल, तर ती खचते आणि फरशी पोकळ होते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर. रस्त्यावरून घरात येणारी नळाची लाइन जमिनीखाली फुटलेली असेल, तर पाणी सुरू असताना ते बाहेर गळतं. पाणी बंद झालं की उलटं होतं. लाइन रिकामी होताना त्याच भोकातून आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. शेजारी गटार किंवा शोषखड्डा असेल, तर ती घाण पुढच्या पाळीच्या पाण्याबरोबर आपल्या हौदात येते. कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो यांना ही उघडी वाट आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. दूषित पाण्यातून पसरणारी ‘ई’ प्रकारची कावीळ गर्भारपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. म्हणून घरात लेक किंवा सून बाळंतपणाची असेल आणि नळाला सुरुवातीला गढूळ किंवा वासाचं पाणी येत असेल, तर “थोडं सोडून दे, मग भर” यावर भागवू नका. पाणी चांगलं खळखळून उकळा आणि गळती शोधायला घ्या.

घर काय सांगतं?

घरात सगळ्यांत जास्त अनवाणी वावरते, वाकून फरशी पुसते ती आपणच. त्यामुळे पहिली खूण बहुधा आपल्यालाच कळते. अशा वेळी “तुझं आपलं काहीतरीच” म्हणून कुणी उडवून लावलं, तर गप्प बसू नका.

• पुसून दोन तास झाले तरी एकाच ठिकाणची फरशी गार आणि दमट लागते.
• एखाद्या ठिकाणी फरशी कोमट लागते. गीझर किंवा सोलरची गरम पाण्याची लाइन तिथून जात असेल, तर ही पक्की खूण.
• भिंतीला खालच्या हातभर भागात पोपडे धरतात, पांढरा लोणा येतो.
• फरशांच्या सांध्यांतून मुंग्या किंवा बारीक माती वर येते, फरशी ठोकली की पोकळ वाजते.
• माणसं तेवढीच, पण टाकी लवकर संपते.
• रात्री सगळं सामसूम असताना पाणी वाहिल्याचा बारीक आवाज येतो.

एक खबरदारी मात्र लगेच घ्यायची. ओल्या फरशीवर किंवा नळाला हात लावताना झिणझिण्या आल्या, तर आधी मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. प्लंबर नंतर.

प्लंबरच्या आधी आपली परीक्षा

आपल्याकडच्या घरांत पाण्याच्या वाटा साधारण चार असतात: रस्त्यावरून हौदापर्यंतची, हौदातून मोटरने गच्चीवर चढणारी, टाकीतून खाली नळांना येणारी आणि सांडपाण्याची. गळती यांपैकी कुठल्या वाटेवर आहे हे कळलं, की अर्धं काम झालं. त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

टाकीची परीक्षा: रात्री टाकी भरून घ्या. सगळे नळ बंद करा आणि फ्लशही कुणी वापरू नये असं सांगून ठेवा. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा. सकाळी नळ सोडण्याआधी पुन्हा मोजा. पातळी उतरली असेल, तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा कॉक बंद करून तेच करा. आता पातळी तशीच राहिली, तर गळती खालच्या लाइनमध्ये आहे. तरीही उतरली, तर टाकीच गळते किंवा तो कॉक पूर्ण बंद होत नाही. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांना वेगळे कॉक असतील, तर एकेक बंद करून रोज एक परीक्षा घ्या. दोन-तीन रात्रींत वाट सापडते.

फ्लशची परीक्षा: फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका. अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर वॉशर गेलाय. कित्येकदा सगळा संशय फरशीवर जातो आणि चोर इथे सापडतो. म्हणून ही परीक्षा सगळ्यांत आधी घ्या.

हौदाची परीक्षा: हौदात पाणी येणं आणि मोटर, दोन्ही बंद असताना पातळी मोजा. ती उतरत उतरत एका जागी येऊन थांबली, तर त्या उंचीवरच भेग आहे असं समजावं.

नळाच्या लाइनची परीक्षा: नगरपालिकेचं पाणी सुरू असताना हौदाचा कॉक आणि घरातले त्या लाइनवरचे सगळे नळ बंद करा. मीटर असेल तर बघा. त्याची बारीक चक्री फिरत असेल, तर मीटर आणि घर यांच्या मध्ये पाणी जातंय. मीटर नसेल, तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाइपला लावून मुठीला कान लावा. आत सूंऽऽ असा आवाज येतो.

सांडपाण्याची परीक्षा: वरच्या सगळ्या परीक्षा पास झाल्या आणि तरी ओल आहे? मग तीन-चार दिवस त्या न्हाणीघराला सुट्टी द्या. ओल कमी होऊ लागली, तर दोष बहुधा नहाणी ट्रॅपचा, सांडपाण्याच्या पाइपचा किंवा टाइल्सच्या सांध्यांचा. ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवून दोन बोटं रंगीत पाणी साठवा. ते न वापरता उतरलं आणि ओलीच्या जागी रंग दिसला, तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅपभोवतालची जागा गळते. पाणी तसंच राहिलं, तर ट्रॅपच्या पुढचा पाइप तपासायचा.

आणि ही ओल गळतीचीच कशावरून? पावसाळ्यात शहाबादी फरशीला नुसता घाम फुटतो. फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद कोब्यावर किंवा शहाबादीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी थेंब कागदाच्या खालून असतील, तर ओल जमिनीतून येतेय. वरून असतील, तर ती हवेतली. मात्र जमिनीतली ओल म्हणजे पाइपच फुटला असं नाही, म्हणून टाकीची परीक्षा टाळू नका.

“वहिनी, सगळं फोडावं लागेल”

हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. मुलाच्या फीसाठी ठेवलेले किंवा भिशीतून साठवलेले पैसे डोळ्यांसमोर येतात. अशा वेळी शांतपणे विचारायचं, “दादा, कुठली लाइन? इथंच कशावरून?” आपल्या परीक्षांचा कागद पुढे ठेवला की बोलणं बदलतं.

जिथे ओल दिसते तिथेच पाइप फुटलेला असतो असं नाही, हे लक्षात ठेवा. पाणी उताराने धावतं. फुटलं मोरीपाशी, दिसतं देवघरापाशी. म्हणून फोडण्याआधी ‘प्रेशर टेस्ट’ करायला सांगा. नळांची तोंडं बुच लावून बंद करतात, हातपंपाने लाइनमध्ये पाण्याचा दाब देतात आणि काट्याकडे बघतात. काटा खाली आला की ती लाइन गळते. लाइनचे तुकडे पाडून तपासलं की जागा आणखी जवळ येते. मोठ्या शहरांत जमिनीतला आवाज टिपणारी यंत्रं आणि उष्णता दाखवणारे कॅमेरे घेऊन माणसं येतात. कॅमेरा फरशीच्या आरपार बघत नाही, फक्त वरचा थंड-गरम फरक दाखवतो. गरम पाण्याच्या लाइनला त्याचा उपयोग चांगला होतो.

जागा सापडली की तीन मार्ग असतात. पहिला: तेवढ्याच टाइल्स काढून पाइपचा तुकडा बदलायचा. पाइप नवा असेल आणि एखादा सांधाच सुटला असेल, तर हे पुरे. दुसरा: फरशीखालची लाइन कायमची बंद करून नवी लाइन भिंतीवरून न्यायची. पाइप जुने लोखंडी असतील, तर हाच मार्ग शहाणपणाचा. गंज आतून सगळीकडे लागलेला असतो, आज इथे जोडलं की उद्या तिथे फुटतं. तिसरा: सगळी लाइन नव्याने टाकायची. घराचं मोठं काम निघालं असेल, तरच.

नवी लाइन टाकताना गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीच घ्या, साधा पीव्हीसी किंवा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्याला चालत नाही. चिकटवलेले सांधे सुकायला डबीवर लिहिलेला पूर्ण वेळ द्या. होता होईल तो फरशीखाली सांधा ठेवूच नका.

सगळ्यांत महत्त्वाचं, खड्डा बुजवण्याआधी पुन्हा प्रेशर टेस्ट आणि शक्यतो एक रात्र लाइन भरून ठेवणं. प्लंबर घाई करेल, “ताई, काही होत नाही” म्हणेल. शेवटचा हप्ता टेस्ट झाल्यावरच द्यायचा, हे काम सुरू होतानाच ठरवून टाका. मग मुरूम पाणी मारून नीट ठोकून घ्यायचा, त्यावर काँक्रीट, मग फरशी. बुजवण्याआधी उघड्या पाइपांचे मोबाइलवर फोटो काढा, बाजूला मोजपट्टी धरून. पुढे खिळा ठोकताना किंवा पुन्हा गळती झाली तर हेच फोटो उपयोगी पडतील.

भिंत लगेच रंगवू नका. ओल पूर्ण वाळायला कित्येक आठवडे लागतात. आणि गळती शोधण्याआधी ‘ओल रोखणारा रंग’ लावून घेणं म्हणजे ताप असताना थर्मामीटर लपवण्यासारखं. ओल दुसऱ्या भिंतीतून वर येते.

नवं घर बांधत असाल तर

प्रत्येक न्हाणीघराला आणि स्वयंपाकघराला वेगळा कॉक मागा, तोही हात पोचेल अशा जागी. पिण्याची लाइन आणि सांडपाण्याची लाइन एकाच चरातून शेजारी-शेजारी नेऊ देऊ नका. नगरपालिकेच्या लाइनवर मीटर असेल तर त्याला घाबरू नका. कराडजवळच्या मलकापूरने घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. आपल्या गावात पाणी रोज येवो की आठवड्याने, मीटर आपल्यालाही हिशोब सांगतो. आणि टाइल्सची एक पेटी जास्तीची घेऊन माळ्यावर ठेवा. चार वर्षांनी तो रंग बाजारात मिळत नाही.

वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधी, टाकीची परीक्षा घ्यायची सवय लावा. लागते ती एक पट्टी, एक वही आणि एक रात्र. आकडा वहीत लिहिलेला असला, की “तुझं आपलं काहीतरीच” म्हणणारेही दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन गच्चीवर चढतात.