मोरचूद, लॅटरल आणि कोळंबी

सोलापुरात खाऱ्या पाण्याची फिश टँक ठेवणं हा तसा उलटा उद्योग. मुंबईचा समुद्र ४०० किलोमीटरवर, मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे, आणि नळाला पाणी येतं तेही दिवसाआड नाही, त्याहून उशिराच. तरी आमच्या हॉलमध्ये ३ फुटांची टाकी आहे. तिच्यात दोन क्लाउनफिश आहेत, आणि एके काळी दोन कोळंब्याही होत्या.

दर रविवारी टाकीतलं २० लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच ताजं खारं पाणी भरायचं, हा नेम. पाणी काढायला मी बागेचा हिरवा पाईप कापून वापरायचो. त्याच्या एका टोकाला पितळी जोड होता. एका रविवारी घाईत त्याच पाईपने नवं पाणीही भरलं. मंगळवारी दोन्ही कोळंब्या तळाशी आडव्या. मासे मात्र मजेत पोहत होते. पाईपवर मी खटला चालवू शकत नाही, पण संशय पक्का आहे.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात पितळ झिजतं आणि तांबं पाण्यात उतरतं. माशांना ते थोडंफार चालतं, इतकं की समुद्री माशांच्या अंगावरचे परजीवी मारायला तांब्याचं औषधच देतात. पण त्याच मात्रेत कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ टिकत नाहीत. गंमत अशी की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्यावरच चालतं, आपल्याकडे ते काम लोहाचं. हवं तेवढं तांबं अन्नातून मिळतं, पाण्यातलं मात्र कल्ल्यांवर घाव घालतं.

आपल्या जिल्ह्याला हे वेगळं समजावायला नको. डाळिंबावर तेल्या आला की शेतकरी मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण फवारतो. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. म्हणून पहिला नियम: शेतावरून आणलेला फवारणीचा जुना पाईप, कितीही धुतलेला असो, टाकीला लावू नका. नवा घ्या, आणि दोन्ही टोकांना धातू नको.

आता नवा कोणता? दुकानात ‘फिश टँकचा पाईप द्या’ म्हटलं की बहुधा गवंड्याचा लेव्हल पाईप पुढे येतो, पारदर्शक आणि मऊ. पीव्हीसी मुळात कडक. त्याला लवचिक करायला तेलासारखी मृदुकारकं मिसळतात, मऊ पाईपच्या वजनाचा बराच भाग तीच असतात. ती प्लॅस्टिकशी जोडलेली नसतात, नुसती मुरलेली असतात, त्यामुळे हळूहळू निसटतात. नव्या पाईपचा तो उग्र वास, आणि दोन उन्हाळ्यांनंतर येणारा करकरीत कडकपणा, दोन्हींच्या मागे बरंचसं हेच. पाच मिनिटं पाणी काढायला तो चालेल. सम्पकडे, म्हणजे टाकीखालच्या गाळणीच्या टाकीकडे, चोवीस तास वाहणाऱ्या ड्रेनला नको. शिवाय पारदर्शक पाईपमध्ये उजेड शिरतो आणि आत शेवाळ धरतं.

सिलिकॉनला मऊ राहायला असं तेल लागत नाही, ते उष्णता सोसतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. महाग आहे, वळणावर मुडपतं, आणि क्लिप जास्त आवळली तर कापलं जातं. टाकीपासून सम्पपर्यंतच्या थोड्या लांबीला हेच घ्यावं.

पण माझा जीव जडला आहे तो सांगोल्याच्या बागांत मैलोन् मैल पसरलेल्या काळ्या नळीवर, म्हणजे ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या लॅटरलवर. ती पॉलिथिलीनची. पॉलिथिलीन जात्याच लवचिक, मृदुकारक घालावंच लागत नाही. काळा रंग काजळीचा: उन्हापासून नळी वाचवायला घातलेला, इथे शेवाळ रोखायला कामी येतो. तिचे जॉइनरही प्लॅस्टिकचेच. मात्र बिनछिद्राची साधी लॅटरल मागा, नाहीतर ड्रिपर बसवलेली इनलाइन हाती यायची आणि हॉलमध्ये डाळिंबाची बाग फुलायची! नळी थोडी ताठ असते, दुपारी उन्हात ठेवली की वळते. सायफन लावला तर २ ते ३ मीटर नळीतून १५ लिटरची बादली साधारण दीड मिनिटात भरते.

आणि गळती? टाकी पाऊण मीटर उंचीवर असेल तर खालच्या टोकावर पडणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या चौदाव्या भागाइतका, मोटारीच्या टायरमधल्या हवेपुढे काहीच नाही. एवढ्यावर नळी फुटत नाही. गळतो तो सांधा. खाऱ्या पाण्याचा सांधा गळताना टपटप आवाजही येत नाही: ओलावा केसाएवढ्या फटीतून बाहेर येतो, वाळतो, मीठ उरतं, त्या मिठातून आणखी पाणी चढतं. आठवडाभरात सांध्याभोवती फुलकोबीसारखा पांढरा तुरा उभा राहतो. तो दिसला की पुसून मोकळं होऊ नका, सांधा खोला. नळीचं टोक चाकूने काटकोनात कापा, मिनिटभर गरम पाण्यात धरा आणि दातेरी नोझलवर पार शेवटपर्यंत चढवा. टेफ्लॉन टेप आट्यांसाठी असते, दातेरी नोझलवर गुंडाळून काही साधत नाही. क्लिप नायलॉनची घ्या. स्टीलचीच हवी तर ३१६ प्रतीची, साध्या ३०४ ला क्लोराईड खड्डे पाडतं. मग रात्रभर सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा. सकाळी कोरडा असेल तरच मासे सोडा. (सांडलंच तर टॉवेलची उणीव सोलापुरात कुणाला पडत नाही.)

टाकीजवळच्या वायरी आधी खाली झोका देऊन मग वर प्लगकडे न्या, म्हणजे ओघळलेला थेंब झोक्याच्या तळाशी गळून पडेल. खारं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कित्येक पटींनी वीज वाहून नेतं, तेव्हा त्या बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

काढलेलं पाणी कुठे ओतायचं, हे मला उशिरा सुचलं. लिटरला ३५ ग्रॅम धरले तर २० लिटरमध्ये ७०० ग्रॅम मीठ, महिन्याला पावणेतीन किलो. पाणी वाया जाऊ नये म्हणून मी नळीचं टोक गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत सोडायचो. तिसऱ्या रविवारी त्याची पानं कडेने भाजल्यासारखी झाली, आणि कुंडीच्या काठावरही तोच पांढरा तुरा आला.