पुण्याच्या साहेबांनी विहिरीचे पाणी विचारले

गेल्या वर्षी ऐन कांदा लागणीच्या धांदलीत आमच्या तालुक्यातील एक शेतकरी माझ्या घरी आले. सारे गाव त्यांना अण्णा म्हणते. जमीन चार एकर, त्यात एक विहीर आणि दारात दोन म्हशी. मला वाटले, तुरीच्या मर रोगाचे काही विचारणार. पण अण्णांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "साहेब, थोरलीला अमेरिकेच्या कॉलेजातून हे आलंय. पुण्याचे कोणी साहेब तिची मुलाखत घेणार म्हणे. पुण्याला तुपाचा डबा पाठवावा का?"

मुलगी बारावीला. एसटीने तालुक्याला ये-जा करून शिकणारी. तिच्या शास्त्राच्या शिक्षकांनी अर्ज भरायला लावला होता. तिकडची हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारखी काही मोजकी विद्यापीठे परदेशी मुलांचीही निवड घरची ऐपत न पाहता करतात आणि निवड झाली तर गरजेप्रमाणे खर्चाचा भार उचलतात. असे असले तरी शंभर अर्जांत चार-पाच मुले घेतात, हे आधीच सांगून ठेवतो.

तर ही मुलाखत म्हणजे काय? या कॉलेजांतून शिकून गेलेले लोक जगभर पसरले आहेत. त्यांतले काही जण आपापल्या भागातील अर्जदार मुलांना भेटतात, अर्धा-पाऊण तास बोलतात आणि कॉलेजला टिपण लिहून पाठवतात. कोणी डॉक्टर असतो, कोणी कारखान्यात इंजिनिअर. या कामाचा पगार त्यांना नसतो. मुलांकडूनही एक पैसा घ्यायचा नसतो. बहुतेक ठिकाणी मुलाचे गुणही त्यांना दाखवत नाहीत. निर्णय असतो प्रवेश कचेरीचा, हे टिपण त्यातला एक कागद. पुष्कळ मुलांना मुलाखत मिळतच नाही, कारण तेवढे माजी विद्यार्थी त्या भागात नसतात. आणि मिळाली नाही म्हणून अर्ज मागे पडत नाही, असे ही कॉलेजे स्वतःच सांगतात. तेव्हा "मुलाखत लावून देतो, अमुक इतके द्या" असे कोणी म्हणाले तर त्याला दारातूनच वाटेला लावावे.

अण्णांना म्हटले, तूप घरीच खा.

खरे सांगायचे तर मलाही हे प्रकरण नवीनच होते. मी बी.एस्सी. कृषीला गेलो तेव्हा बारावीचे गुण पाहिले, सातबाऱ्याचा उतारा जोडला म्हणून थोडे जादा गुण मिळाले आणि यादीत नाव लागले. शेतात काय करतोस, हे मला कोणी विचारले नाही. ते एका परीने बरेही होते. मुलाखत म्हटली की आपल्याकडे माणसाच्या मनात आधी वशिला येतो, आणि तो उगीच येत नाही.

श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७९ च्या प्रवेशाला तिथे लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडीला ५० गुण होते. मुलांची तक्रार अशी की, तोंडी उरकली दोन-तीन मिनिटांत, आणि विचारले काय, तर वडील कोण, राहता कुठे! लेखीत पुढे असलेली मुले तोंडीने मागे पडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यायालयाने ठरवून दिले की, अशा प्रवेशात तोंडीला शेकडा १५ पेक्षा जास्त वजन देणे मनमानीचे ठरेल. शक्य तर मुलाखत टेपवर घ्यावी, असेही सुचवले. अजय हासिया खटला म्हणून वकील मंडळी आजही त्याचा दाखला देतात.

अमेरिकेचा इतिहासही धुतल्या तांदळासारखा नाही. १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांत ज्यू कुटुंबांतली हुशार मुले परीक्षेच्या जोरावर येऊ लागली. त्यांची संख्या आवरायची, पण तसे उघड म्हणायचे नाही, म्हणून 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' पाहणे सुरू झाले. अर्जाला फोटो आला, मुलाखत आली. गाळणी कोणासाठी लावली हे ज्याचे त्याला कळत होते.

पण गंमत अशी की, शंभर वर्षांनी त्याच हार्वर्डवर आशियाई वंशाच्या मुलांच्या बाजूने खटला झाला. २०१८ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात तो चालला तेव्हा वादी पक्षाने आकडे मांडले. मुलांना समोर बसवून बोललेल्या माजी विद्यार्थ्यांनी आशियाई मुलांना व्यक्तिमत्त्वाचे गुण गोऱ्या मुलांच्या बरोबरीने दिले होते. कमी गुण पडले ते कचेरीत, जिथल्या लोकांनी बहुतेक मुलांना पाहिलेलेही नव्हते. विद्यापीठाने आरोप नाकारला, खालच्या कोर्टात ते जिंकलेही. शेवटी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश पाहण्याची पद्धतच बंद केली. मला मात्र तो आकड्यांचा भाग विसरता येत नाही. कागद वाचणाऱ्यापेक्षा तोंड पाहणाऱ्याने माणूस बरा ओळखला, असे त्यातून दिसते. त्याच साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने मात्र माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती थांबवल्या. म्हणजे तिकडेही या पद्धतीवर सगळ्यांचे एकमत नाही.

आता अण्णांच्या मुलीकडे येतो. तिला मी चार संध्याकाळ तयारीला बोलावले. तिने इंग्रजीत नेतृत्वगुणांवर एक भाषण पाठ केले होते, ते मला फार आवडले. पण तिच्याकडे एक वहीसुद्धा होती. एक वर्ष अण्णांनी वीस गुंठे कांदा लावला, मार्चमध्ये विहीर आटली आणि निम्मा कांदा लिंबाएवढाच राहिला. तेव्हा ही आठवीत होती. तेव्हापासून दर रविवारी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायची, भिजलेली दोरी मोजायची आणि वहीत लिहायची. त्यावरून दरवर्षी किती गुंठे लागण झेपेल ते अण्णांना सांगायची. अकरावीत असताना तिने पंधरा गुंठे सांगितले. शेजाऱ्याने बोअर पाडली आणि फेब्रुवारीतच विहिरीचा तळ दिसला. तो कांदा हाती लागला नाही.

मी तिला म्हणालो, "वहीचे सांग, पण ते पंधरा गुंठ्यांचे काढू नकोस. कृषी प्रदर्शनातले बक्षीस सांग."

मुलाखतीच्या दिवशी त्यांच्या गावात रेंज नव्हती, म्हणून माझ्या घरी संगणकावर ठरले. आईबापांनी जवळ बसायचे नसते. मी आणि अण्णा बाहेर ओट्यावर बसलो. अण्णांनी तंबाखू मळली, पुन्हा चंचीत टाकली. दार बंद. आतून शब्द कळत नव्हते. एकदा ती हसल्याचे ऐकू आले. पाऊण तास झाला तरी बाहेर येईना.

आली तेव्हा घामाघूम. म्हणाली, "काका, भाषण त्यांनी दोन वाक्यांतच थांबवलं. म्हणाले, आज सकाळी काय केलंस ते सांग." तिने धार काढल्याचे सांगितले, तिथून गोष्ट विहिरीवर आली. ते साहेब पुण्यात यंत्राच्या कारखान्यात, शेतीचे ज्ञान शून्य. दोरी भिजते म्हणजे कुठवर, गाठी किती अंतरावर, पावसाळ्यात काय करतेस, असे विचारत राहिले. आणि मग म्हणाले, "वही कधी चुकली का?"

"मग?" मी विचारले.

"खरं सांगितलं, काका. इंग्रजी अडलं तिथं ते म्हणाले, मराठीत बोल."

पुढे काय केलेस, असेही त्यांनी विचारले. तिने सांगितले की शेजारच्या काकांशी बोलून दिवसाआड मोटर लावायचे ठरवले, आणि आता वहीत त्यांच्या मोटरचे तासही लिहिते. अण्णा हे सगळे मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, "त्या पंधरा गुंठ्यांचं मी तिला कधी बोललो नव्हतो, साहेब."

मी माझ्या सल्ल्याबद्दल काही बोललो नाही. चहा ठेवायला आत गेलो.

निकाल मार्चअखेर आला. निवड झाली नाही. मुलगी दोन दिवस कोणाशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी सीईटीच्या अभ्यासाला बसली. आता ती कृषी अभियांत्रिकीला आहे, वसतिगृहात राहते. दोरी धाकट्याकडे आली आहे. तो रविवारऐवजी सोमवारी मोजतो म्हणून दोघांचे फोनवर भांडण चालते.

तुपाचा डबा अण्णांनी मला आणून दिला. तो मात्र मी घेतला.