धर्माध्ययन आणि सहजीवन : विठ्ठल रामजी शिंदे यांच्या ऑक्सफर्ड येथील शिक्षणाचा विचार

परभणी जिल्ह्यातील पूर्णा या जंक्शनच्या गावी मंदिर, मशीद आणि बुद्धविहार ही एकाच लोकवस्तीची श्रद्धास्थाने आहेत. परंतु तेथील एखाद्या पदवीधराने आपल्या व आपल्या शेजाऱ्याच्या धर्माचा उच्च अभ्यास एकत्र करण्याचे मनात आणले, तर त्याला पालीसाठी एका विभागाकडे, संस्कृतसाठी दुसऱ्याकडे आणि अरबी-फारसीसाठी तिसऱ्याकडे वळावे लागते. गावात जे एकत्र नांदते ते विद्यापीठात विभागले जाते. भिन्न धर्मांच्या अभ्यासकांनी एके ठिकाणी बसून, कोणी कोणाला धर्म सोडावयास न सांगता, धर्मशास्त्राचे उच्च अध्ययन करावे ही कल्पना व्यवहार्य आहे काय? या प्रश्नाचा विचार करताना एका मराठी विद्यार्थ्याचा अनुभव उपयोगी पडतो. तो विद्यार्थी म्हणजे विठ्ठल रामजी शिंदे (१८७३–१९४४) होत.

शिंदे यांचा जन्म जमखंडी येथे वारकरी घराण्यात झाला. १८९८ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी बी. ए. ची पदवी घेतली व त्याच सुमारास ते प्रार्थनासमाजात आले. सप्टेंबर १९०१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, युनिटेरियन मंडळाच्या शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशिक्षणासाठी गेले.

या संस्थेचा इतिहास लक्षात घेतला पाहिजे. इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी मतभेद असणाऱ्यांना ऑक्सफर्ड व केंब्रिजची दारे बंद असताना, १७८६ मध्ये मँचेस्टर येथे तिची स्थापना झाली. पुढे यॉर्क, पुन्हा मँचेस्टर आणि लंडन असे स्थलांतर करीत ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डला आली. विद्यार्थ्याकडून अथवा अध्यापकाकडून विशिष्ट मताच्या स्वीकाराची अपेक्षा न करता धर्मशास्त्र शिकवावयाचे, हे तिचे मूलसूत्र होय. विद्यापीठातील बहुतेक पदव्यांवरील धर्मविषयक अट १८७१ च्या कायद्याने दूर झाली होती. तथापि धर्मशास्त्राच्या पदव्या मात्र १९२० पर्यंत राजमान्य चर्चच्या अनुयायांपुरत्याच राहिल्या. सारांश, शिंदे ज्या संस्थेत शिकले ती ऑक्सफर्ड शहरात होती, पण विद्यापीठाच्या चौकटीबाहेर होती. त्यांचे तेथील शिक्षण पदवीसाठी नव्हते.

प्राचार्य जेम्स ड्रमंड हे नव्या कराराचे विद्वान होते. तुलनात्मक धर्माचे अध्यापन जे. एस्टलिन कार्पेंटर यांच्याकडे असे. पाली टेक्स्ट सोसायटीने १८९० मध्ये काढलेल्या दीघनिकायाच्या पहिल्या खंडाचे ते ऱ्हिस डेव्हिड्स यांच्यासमवेत संपादक होते. म्हणजे बौद्ध धर्माविषयी बोलणारा हा ख्रिस्ती अध्यापक मूळ ग्रंथाच्या पाठभेदांपर्यंत पोहोचलेला होता. परधर्माविषयीचा आदर हा अशा परिश्रमाखेरीज केवळ सौजन्य ठरतो. मूळ भाषा शिकल्यावाचून दुसऱ्याच्या धर्माविषयी अधिकाराने बोलता येत नाही, हा पहिला धडा येथे मिळतो.

दुसरा धडा सहजीवनाचा. प्रचारक तयार करणे हे कॉलेजचे मुख्य काम असल्याने व्याख्यानगृहाइतकेच तेथील प्रार्थनामंदिरही महत्त्वाचे होते. त्याच्या रंगीत काचांवर बर्न-जोन्स यांच्या कल्पनेतून सृष्टीच्या निर्मितीचे सहा दिवस चितारलेले आहेत. अशा वातावरणात हिंदू विद्यार्थी केवळ निरीक्षक राहू शकत नाही आणि अनुयायी होण्याचे बंधनही त्याच्यावर नसते. शिंदे यांनी धर्मांतर केले नाही. तेथील अनुभव ते पत्रांतून 'सुबोधपत्रिके'च्या वाचकांना कळवीत राहिले. सप्टेंबर १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या उदारधर्मीय परिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचून ते मायदेशी परतले.

या शिक्षणाचे फलित कोणते? शिंदे मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. १९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगार येथे अस्पृश्य मंडळींच्या सभेला ते गेले, आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे त्यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची पहिली शाळा सुरू केली. त्यांच्या भगिनी जनाक्का या कार्यात सहभागी होत्या. या कार्याचे सर्व श्रेय ऑक्सफर्डला देणे अनैतिहासिक होईल. भिंगारचा अनुभव आणि घरचा वारकरी संस्कार यांचा वाटा निश्चित मोठा आहे. परंतु धर्माची परीक्षा ग्रंथाबरोबर वस्तीतही होते, ही दृष्टी शिंदे यांच्या पुढील साऱ्या आयुष्यात दिसते. 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' (१९३३) हा त्यांचा ग्रंथ संशोधन व सेवा यांच्या याच संयोगाचे फळ आहे.

तथापि मँचेस्टर कॉलेजची मर्यादाही सांगितली पाहिजे. तेथे दार सर्वांना उघडे होते, पण घर एकाच परंपरेचे होते. हिंदू विद्यार्थी शिष्य म्हणून येई. आपल्या धर्माचा आचार्य म्हणून त्याला तेथे स्थान नव्हते. ही उणीव पुढच्या काळातील संस्थांनी अंशतः भरून काढली. अमेरिकेत बर्कली येथे १९६२ मध्ये निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या विद्यालयांनी एक संघ स्थापन केला. त्यात कालांतराने यहुदी, बौद्ध, इस्लामी आणि २०१५ मध्ये हिंदू परंपरांच्या अध्ययनालाही केंद्ररूपाने जागा मिळाली. अतिथीचा यजमान होणे, हा येथील महत्त्वाचा फरक होय.

आपल्याकडे अशी संस्था उभी करावयाची झाल्यास तिला तीन गोष्टींची गरज लागेल : मताची सक्ती नसावी, मूळ भाषांच्या अभ्यासात सवलत नसावी, आणि प्रत्येक परंपरेचा अध्यापक तिच्या आतला असावा. चौथी गोष्ट विद्यापीठाला देता येणार नाही; ती पूर्णेसारख्या गावांकडूनच घ्यावी लागेल. भिन्न धर्मांची माणसे तेथे रोज शेजारी राहतात. विद्यार्थ्याने त्या शेजारात वावरून आपल्या अध्ययनाची कसोटी घ्यावी.