शरणागतीचं भाषण, पण 'शरणागती'विना

१५ ऑगस्ट १९४५. भर दुपारी बारा वाजता जपानभर माणसं रेडिओसमोर माना झुकवून उभी होती. सम्राट हिरोहितो बोलणार होते. त्यांचा आवाज सामान्य माणसाच्या कानांवर तोवर कधी पडलाच नव्हता. साडेचारेक मिनिटांत भाषण संपलं, तरी अनेकांना उलगडेना: युद्ध थांबलं, की आणखी नेटानं लढायचं? निवेदकानं मागाहून सांगितलं तेव्हा कुठे अर्थ लागला.

रेडिओची खरखर होती, भाषाही जुनी, दरबारी. पण खरी करामत शब्दांची. हिरोशिमा, नागासाकी बेचिराख झालेली, आणि सम्राट म्हणाले, युद्धाची परिस्थिती जपानच्या फायद्याचीच ठरली असं नाही! चार देशांचा जाहीरनामा आपण स्वीकारतो, एवढंच सांगितलं. त्यात बिनशर्त शरणागतीची मागणी होती, हे ज्याचं त्यानं ओळखायचं. इतरांची भूमी बळकावण्याचा हेतू आपल्या मनात कधीच नव्हता, असंही ते म्हणाले. १९३१पासून मांचुरिया आणि पुढे चीनचा केवढा तरी मुलूख गिळणाऱ्या देशाच्या वतीनं! हे मला नुसतं आडवळणाचं बोलणं वाटत नाही. मेलेल्यांच्या तोंडावर फिरवलेला तो बोळा होता.

जपानी कानांना मात्र अशा भाषेची सवय लावलेली होती. फेब्रुवारी १९४३मध्ये ग्वादालकनाल बेटावरून सैन्य माघारी आलं, तेव्हा लष्करी मुख्यालयानं शब्द वापरला 'तेन्शिन'. 'तेन' म्हणजे वळणं, 'शिन' म्हणजे पुढे जाणं. मागे येणारं सैन्य शब्दात पुढेच चाललेलं! तीनच महिन्यांनी अत्तू बेटावरची जवळजवळ सगळी तुकडी मारली गेली. त्याला नाव दिलं 'ग्योकुसाई', म्हणजे रत्नाचं फुटून विखुरणं. अन्नाविना, कुमकेविना मरायला सोडलेल्या पोरांचं रत्न झालं. त्यांना तिथं कुणी सोडलं, हा प्रश्न त्या लखलखाटात दिसेनासा झाला.

आणि सम्राटांच्या आवाजाला काय म्हणत? 'ग्योकुओन', रत्नस्वर. अक्षर तेच, 'ग्योकु'. ज्या रत्नाच्या नावानं मरण सजवलं, त्याच रत्नाच्या नावानं ते थांबवलं गेलं.

पराभूत युद्धाला जपानीत 'हाइसेन' हा सरळ शब्द आहे. १५ ऑगस्टच्या स्मृतिदिनाच्या रूढ नावात मात्र आजही 'शूसेन' आहे: युद्ध संपलं, एवढंच.