पहिली डिजिटल वस्तू : मजुरीकडून भांडवलाकडे

पदवी हाती पडली की नोकरीच्या अर्जांचा सपाटा लावायचा, हा मध्यमवर्गीय मराठी तरुणाचा शिरस्ता अलीकडे पुष्कळ बदलला आहे. घरच्या संगणकावर बसून बोधचिन्हे, वेष्टने, मुखपृष्ठे आणि संकेतस्थळांची मांडणी करून देणारा स्वतंत्र डिझायनर आज पुण्यामुंबईतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही आढळतो. आमच्यासारख्यांच्या वर्गात वाणिज्य वा अर्थशास्त्र शिकणारे काही विद्यार्थीसुद्धा अशी कामे करून स्वतःची फी भागवितात. या मंडळींच्या बोलण्यात एक स्वप्न वारंवार डोकावते. गिऱ्हाइकांची कामे किती दिवस करीत राहायचे? एकदाच एखादी डिजिटल वस्तू तयार करावी, ती विक्रीस ठेवावी आणि मग आपण झोपेत असतानाही पैसे येत राहावेत! ही वस्तू म्हणजे चिन्हांचा संच, निमंत्रणपत्रिकेचे वा सादरीकरणाचे तयार टेम्पलेट, एखादा फॉण्ट किंवा आपल्या विषयावरचे ई-पुस्तक.

हे स्वप्न खोटे आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ते ज्या रंगांत रंगविले जाते, ते रंग मात्र भडक आहेत. पहिली डिजिटल वस्तू हा श्रमातून सुटण्याचा मार्ग नसून, श्रमाचे भांडवलात रूपांतर करण्याचा प्रयोग आहे. आणि भांडवल म्हटले की बचत, जोखीम, मालकी आणि झीज ही चारही प्रकरणे त्याच्या पाठोपाठ आलीच.

तासांची विक्री

स्वतंत्र डिझायनर प्रत्यक्षात विकतो ते आपले तास. दर वाढविता येतो, कामाचा वेग थोडाबहुत वाढतो. पण दिवसाचे तास चोवीसच राहतात. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर लिहिताना हीच अडचण दाखवून दिली होती. कारखान्यात यंत्राच्या साहाय्याने माणसामागे उत्पादन वाढत जाते. पण चार वादकांच्या रचनेला शंभर वर्षांपूर्वी जितके वादक आणि जितकी मिनिटे लागत, तितकीच आजही लागतात. तासाभराचा ख्याल अर्ध्या तासात उरकून कोणी उत्पादकता वाढविली, असे आपणही म्हणणार नाही.

ही कोंडी पहिल्यांदा फोडली ती ध्वनिमुद्रिकेने. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले, तेव्हा एकदा केलेले गायन गायिकेच्या अनुपस्थितीत अनेकवार विकले जाण्याची सोय आपल्या देशात झाली. डिझायनरची डिजिटल वस्तू ही त्याच वंशातली. फरक इतकाच की, तबकडीच्या प्रत्येक प्रतीला कारखाना, कच्चा माल व वाहतूक लागे. फाइलच्या हजाराव्या प्रतीला जवळजवळ काहीच लागत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर, येथे स्थिर खर्च सारा आरंभीच होतो आणि सीमान्त खर्च शून्याला टेकतो.

हिशेब काय सांगतो?

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या डिझायनरचा तासाचा दर ५०० रुपये आहे आणि टेम्पलेटांचा संच तयार करण्यात त्याचे १२० तास गेले. खिशातून एक पैसाही गेला नसला, तरी त्याने ६०,००० रुपयांची भांडवली गुंतवणूक केली आहे. कारण त्याच तासांत तो गिऱ्हाइकाचे काम करू शकला असता. संचाची किंमत ६०० रुपये ठेवली आणि विक्री करून देणाऱ्या संकेतस्थळाने दहा टक्के घेतले, तर हाती ५४० रुपये पडतात. म्हणजे केवळ मुद्दल वसूल होण्यास ११२ खरेदीदार हवेत. किंमत ३०० केली तर २२३ हवेत, १,२०० केली तर ५६ पुरतात. जाहिरात, कर आणि खरेदीदारांच्या शंकानिरसनात जाणारा वेळ यात धरलेलाच नाही.

या आकड्यांतून दोन बोध निघतात. पहिला असा की, प्रत काढण्यास खर्च नाही म्हणून किंमतही नगण्य ठेवावी, हा समज घातक आहे. किंमत प्रतीच्या खर्चावरून ठरत नाही आणि आपण खपविलेल्या तासांवरूनही ठरत नाही. ती घेणाऱ्याचे जे काम वाचते त्यावरून ठरते. नुसती हौस म्हणून घेणारा तीनशे रुपयांनाही घासाघीस करील. ज्याचे दोन दिवसांचे काम वाचणार आहे, त्याला बाराशे जड वाटणार नाहीत.

दुसरा बोध आकारमानाविषयी आहे. १२० तासांऐवजी ३० तासांत होणारी लहान वस्तू आधी बाजारात आणली, तर धोक्यात येणारे भांडवल चौथ्या हिश्शावर येते आणि बाजाराचे ज्ञान मात्र जवळजवळ तितकेच मिळते. पहिल्या वस्तूकडून नफ्यापेक्षा माहितीची अपेक्षा करणे अधिक शहाणपणाचे.

दुर्मीळ काय आहे?

प्रती अमर्याद असतील, तर या बाजारात दुर्मीळ काय उरते? हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच सांगून ठेवले होते की, माहितीचा सुकाळ झाला की लक्ष देण्याच्या शक्तीचा दुष्काळ पडतो. त्यात केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये दाखविलेल्या पेचाची भर पडते. माहितीची योग्यता ती पाहिल्याखेरीज घेणाऱ्याला कळत नाही; आणि ती पूर्ण दाखविली, तर त्याला विकत घेण्याचे कारण उरत नाही. या पेचातून सुटण्याचा मार्ग एकच : विकणाऱ्यावरचा विश्वास. तो मात्र फाइलसारखा एका कळीने द्विगुणित होत नाही.

अमेरिकेतील नेथन बॅरी या डिझायनरचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या या तरुणाने सप्टेंबर २०१२ मध्ये मोबाइल अ‍ॅपच्या संकल्पनावर एक ई-पुस्तक स्वतःच प्रसिद्ध केले आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० डॉलरची विक्री झाली. हा आकडा नेहमी सांगितला जातो. त्यामागची गोष्ट मात्र सांगितली जात नाही. पुस्तक निघण्यापूर्वी आपल्या विषयावर मोफत लेखन करून त्याने सुमारे आठशे जणांची ई-मेल यादी जमविली होती. पहिल्या दिवसाच्या विक्रीचे बीज त्या यादीत होते. पुढे २०१३ मध्ये त्याने जो उद्योग उभारला, तोही लेखक-कलावंतांना अशा याद्या सांभाळण्यास मदत करणारा होता, हे लक्षणीय आहे. खरे भांडवल कोठे आहे, हे त्याला पहिल्या वस्तूने शिकविले होते.

त्याने आणखी एक गोष्ट केली. केवळ पुस्तक एका किमतीला, आणि पुस्तकासोबत व्हिडिओ वगैरे पूरक साहित्य असलेले संच चढ्या किमतींना, अशी उतरंड लावली. ही युक्ती नवी नाही. फ्रेंच अभियंता ज्यूल ड्युप्युई याने १८४९ मध्ये आगगाडीच्या वर्गांविषयी लिहिताना तिचे मर्म उलगडले होते. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर नसे, ते काही छपराचा खर्च परवडत नव्हता म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा उतारू तिसऱ्या वर्गात शिरू नये म्हणून! कमी ऐपतीच्या गिऱ्हाइकाला उघड्यावर बसविण्याची निष्ठुरता डिजिटल वस्तूत अंगीकारण्याचे कारण नाही. मात्र विद्यार्थी आणि कंपनी यांना एकच किंमत लावणे हेही न्याय्य नव्हे.

विक्री ही निर्मितीहून वेगळी विद्या आहे, याचे दुसरे उदाहरण साहिल लव्हिंगिया याचे. वयाची विशीही न गाठलेल्या या डिझायनरने २०११ मध्ये पेन्सिलीचे एक चिन्ह काढले आणि ते डॉलरभर किमतीला विकावे असे त्याच्या मनात आले. चिन्ह काढणे सोपे गेले. ते विकण्याची साधी सोय मात्र सापडेना. म्हणून त्याने 'गमरोड' हे विक्रीचे संकेतस्थळच उभारले. त्यात पुढे मोठे भांडवल आले. पण गुंतवणूकदारांना अभिप्रेत असलेल्या वेगाने वाढ होईना, तेव्हा २०१५ मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना निरोप द्यावा लागला. संस्था टिकली ती बेताच्या आकारात. डिजिटल वस्तूचा बाजार मोठा दिसला, तरी त्यातला प्रत्येक उत्पन्नाचा झरा स्वतंत्रपणे लहानच असू शकतो, हे यावरून ध्यानी यावे.

मालकी कोणाची?

आपल्याकडे ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, तो मुद्दा मालकीचा. पुष्कळ डिझायनर गिऱ्हाइकांसाठी केलेली जुनी कामे एकत्र करून पहिली वस्तू बनवू पाहतात. परंतु ती कामे विकण्याचा त्यांना अधिकार आहे काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जाते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याची स्थिती सामान्यतः अधिक अनुकूल असते. मात्र मोबदला देऊन करवून घेतलेली छायाचित्रे, रंगचित्रे, व्यक्तिचित्रे अशा काही कृतींना अपवाद आहे. हक्कांचे हस्तांतर लेखी व सहीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता, असे कायदा गृहीत धरतो. इतकी स्पष्ट तरतूद असूनही व्यवहार चालतात ते व्हॉट्सॲपवरच्या दोन ओळींवर! दुसऱ्याचा फॉण्ट वा छायाचित्र आपल्या टेम्पलेटात घालून विकणे हेही परवान्यावाचून करता येत नाही. ज्याला आपल्या कृतीची चोरी होऊ नये असे वाटते, त्याने आपल्या वस्तूच्या पोटात चोरीचा माल नाही ना, हे आधी पाहावे.

बचतीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. वस्तूसाठी लागणारे तास गिऱ्हाइकांच्या कामांतून उरलेल्या पैशावरच काढावे लागतात, आणि ती बिले तर महिनोन्‌महिने थकतात. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी केलेल्या सेवा-व्यावसायिकाचे पैसे कमाल ४५ दिवसांत चुकते व्हावेत आणि उशीर झाल्यास व्याज द्यावे, अशी तरतूद २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्यात आहे. हे किती डिझायनरांना ठाऊक असते?

मराठीपुढचा पेच

एका गोष्टीपुरते मात्र बाजारावर विसंबून चालणार नाही. देवनागरी फॉण्ट ही वस्तू घ्या. इंग्रजीची मूळ अक्षरे सव्वीस, लहान-मोठी मिळून बावन्न. देवनागरीत स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे धरता आकारांची संख्या शेकड्यांत जाते. शिवाय मराठीचा 'ल' आणि 'श' हिंदीहून वेगळ्या वळणाचा. 'दुसऱ्या'तला 'ऱ्य' तर खास आपला. म्हणजे स्थिर खर्च कितीतरी अधिक आणि पैसे देऊन घेणारा वर्ग कितीतरी लहान. त्यातच फॉण्टची नक्कल करणे ही चोरी आहे, असे मानण्याची सवय आपल्याला नाही.

अशा वेळी एक निराळी वाट उपयोगी पडते. निर्मितीचा खर्च कोणीतरी एकदाच उचलावा आणि वस्तू सर्वांना विनामूल्य द्यावी. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'बलू' किंवा अहमदाबादच्या 'इंडियन टाइप फाउंड्री'चा 'पॉपिन्स' हे फॉण्ट मुक्त परवान्याखाली गूगलच्या फॉण्टसंग्रहातून कोणालाही घेता येतात. जी वस्तू एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही, तिच्यासाठी हा मार्ग अर्थशास्त्राच्या कसोटीवर उतरणारा आहे. पण आपल्या लिपीच्या साधनांसाठी परदेशी कंपनीच्या औदार्याकडे किती काळ पाहायचे? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या दर्जाच्या नावाने समारंभ होतात, तसेच तरुण डिझायनरांना फॉण्ट, शालेय चित्रसंच, पाठ्यसाहित्याची टेम्पलेटे यांसाठी रास्त मोबदल्याची कामेही मिळावयास हवीत.

आणखी एक बदल विसरता येत नाही. २०२२ पासून चित्रे निर्माण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. त्यामुळे कोणत्याही देशात, कोणत्याही भाषेत चालेल अशा सामान्य वस्तूची किंमत घसरत जाणार हे उघड आहे. टिकून राहील ती विशिष्ट गरज जाणून घडविलेली वस्तू. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षिकेला फळ्याशेजारी लावता येतील असे तक्ते, सहकारी पतसंस्थेच्या कारकुनाला रोज लागणारे अर्जांचे नमुने, दिवाळी अंकाच्या संपादकाला परवडणारी पानांची मांडणी, या गरजा दूरच्या यंत्राला ठाऊक नाहीत. त्या ठाऊक होतात गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून केलेल्या कामातून.

म्हणूनच गिऱ्हाइकांची कामे हा तुच्छ मानण्याचा विषय नाही. कोणती अडचण पुनःपुन्हा पुढे येते, हे तीच शिकवितात. आणि जी अडचण तीन निरनिराळ्या गिऱ्हाइकांनी सांगितली, तिच्यातच बहुधा पहिल्या वस्तूचे बीज असते. वस्तू बाजारात आल्यावरही श्रम संपत नाहीत. सॉफ्टवेअर बदलते, फाइली उघडेनाशा होतात, खरेदीदार प्रश्न विचारतात. यंत्राला घसारा असतो, तसा तो हिलाही असतो. मिळकतीचा बहुतांश भाग कामांतून आणि थोडा भाग वस्तूंतून, असे प्रमाण आरंभी ठेवून ते हळूहळू बदलत नेणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

महाविद्यालयांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. डिझाइनच्या अभ्यासक्रमात रंगसंगती आणि अक्षररचना शिकविली जाते. करार कसा वाचावा, किंमत कशी ठरवावी, हक्क कसे राखावेत, याचे किमान शिक्षण त्यासोबत हवे. उलटपक्षी अर्थशास्त्राच्या वर्गात स्थिर व सीमान्त खर्चाचे वक्र फळ्यावर काढताना पोलाद कारखान्याच्या जोडीला या नव्या कारागिराचेही उदाहरण यावे. पैसे झाडाला लागत नाहीत, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले ते खरेच आहे. पण झाड लावता येते. मात्र आधी जमीन आपली आहे ना हे पाहावे लागते, आणि पुढे काही काळ पाणी घालावे लागते.