हीटर लावताना पोफळी आठवा!

रूममध्ये लपवलेला १००० वॉटचा हीटर तासभर चालला की एक युनिट वीज जळते. (रेक्टर सर, हे फक्त उदाहरण आहे!) ही वीज कोयनेची असेल तर तिला पाणी किती लागलं?

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. आपण मात्र धरणात अडवलेलं तिचं पाणी बोगद्यातून उलट पश्चिमेला, सह्याद्रीच्या पोटात कोरलेल्या पोफळीच्या पॉवरहाऊसला नेतो. तिथे ते सुमारे ४७५ मीटर खाली येऊन पेल्टन टर्बाइनवर आदळतं. धरणाच्या उंचीमुळे एवढी वीज होते असं मला वाटायचं. खरी उंची घाटाची! अकरावीचं एम-जी-एच मांडा : हजार लिटर पाण्याचे १.२९ युनिट. घट वजा जाता हातात साधारण एकच.

हे पाणी कोळकेवाडीला आणखी थोडी वीज देऊन वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, कृष्णेकडे परत येत नाही. म्हणून तर बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पण संध्याकाळी लोड वाढला की कोयना मिनिटांत सुरू होते, औष्णिक केंद्राला ते जमत नाही. त्यामुळे कोयना बंद करा म्हणणं सोपं नाही.

माझा रूम पार्टनर जत तालुक्यातला. उन्हाळ्यात त्याच्या गावाला टँकर येतो. माझा हिशोब बघून तो म्हणाला, "दहा हजार लिटरचा टँकर. म्हणजे तुझा हीटर दहा तास."