पोफळीवरचा माणूस आणि वाडीचा हिशेब

दिवेआगरची सुपारी पेठेत आली म्हणजे व्यापारी ती हातात घेऊन पाहतो, एखादी फोडून आतला गर तपासतो आणि मग भाव बोलतो. श्रीवर्धनी रोठ्याचा लौकिक या पारखीवरच टिकून आहे व तिजबद्दल आमची काही तक्रार नाही. आमची तक्रार निराळी आहे. त्या भावात खताचा खर्च येतो, पाण्याचा येतो, सोलण्याची मजुरी येते, गाडीभाडे येते. परंतु ज्या माणसाने चाळीस-पन्नास फूट उंच पोफळीवर चढून तो घड खाली आणला, तो माणूस पडला तर काय, हा प्रश्न कोणाच्याही वहीत कोणत्याही सदरी आढळत नाही. वहीत नसलेला खर्च नाहीसा होतो असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. तो आधी पडणाऱ्याच्या बायकामुलांच्या पदरी पडतो, आणि कायद्याशी गाठ पडल्यावर वाडीवाल्याच्याही.

हे काम ज्यांनी जवळून पाहिले नाही अशा शहरवासी वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. माडाला निदान भक्कम बुंधा तरी असतो. पोफळीचे खोड माणसाच्या मांडीहून फारसे जाड नसते. चढणारा पायांत दोरीचा फास घालून, खोडाला मिठी मारीत वर जातो, घड कापतो, आणि एक झाड संपले की खाली न उतरता शेंडा हलवून झोका घेतो व शेजारच्या झाडाचे खोड पकडून त्यावर जातो. असा तो एकदा वर गेला की अनेक झाडे उरकूनच जमिनीला पाय लावतो. सुटीत आलेले पाहुणे या कसबाची चित्रे काढतात, व ते कसब खरोखरच चित्र काढण्याजोगे आहे. पण त्या झोक्यात शेंडा मोडला किंवा हाताची पकड चुकली, तर त्या माणसाच्या आणि जमिनीच्या मध्ये अडविणारे काहीही नसते. पावसाळ्यात तर संकट दुप्पट. कोळे रोगापासून फळ वाचवावयाचे तर बोर्डो मिश्रणाची फवारणी पावसाच्या आरंभी व पुढे सुमारे दीड महिन्याने पुन्हा करावी लागते, आणि ती घडापर्यंत पोहोचावी लागते. म्हणजे ज्या दिवसांत खोड ओले व बुळबुळीत होते, नेमके त्याच दिवसांत माणसाला वर पाठवावे लागते.

त्यात ३ जून २०२० चे निसर्ग वादळ येऊन गेले. ते याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास, जमिनीवर चढले आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. जी झाडे उभी राहिली त्यांची मुळे किती हलली हे वरवर पाहून कळत नाही. ते प्रथम कळते चढणाऱ्याला.

आता कायद्याकडे वळू. आमचा व्यवसायच तो असल्यामुळे या भागात आम्ही थोडे रेंगाळलो तर वाचकांनी क्षमा करावी. कामावर असता अपघाताने मजूर मेला किंवा अपंग झाला तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व या देशात १९२३ च्या कायद्याने आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहे. मजूर रोजंदारीचा होता, चार दिवसांपुरताच बोलाविला होता, ही सबब पूर्वी चालत असे. २००० साली केलेल्या दुरुस्तीने ती काढून टाकली. १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात ताडमाड छेदून रस काढणारे व झाडे तोडणारे मजूर स्पष्ट शब्दांत घातलेले होते. सुपारी उतरविणारा त्या सूचीत बसतो की नाही, यावर न्यायालयात वाद घालता येईल, आणि आमच्या व्यवसायबंधूंना त्यात दोन पैसे मिळतीलही. पण ज्या वाडीवाल्याला आपले घर वकिलाच्या वादावर टांगून ठेवावयाचे नाही, त्याने खालील आकडा वाचून ठेवावा.

त्या कायद्याच्या कोष्टकात चाळीस वर्षांच्या मजुराचा गुणक १८४.१७ आहे. भरपाईसाठी धरावयाच्या मासिक वेतनाची कमाल मर्यादा २०२० साली १५,००० रुपये ठरली. मृत्यू झाल्यास त्या वेतनाचा निम्मा हिस्सा गुणिले तो गुणक, म्हणजे १३,८१,२७५ रुपये. एक महिन्याच्या आत रक्कम दिली नाही तर त्यावर शेकडा १२ व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. एवढी रक्कम एकरकमी काढून देऊ शकेल असे वाडीवाले या किनाऱ्यावर किती आहेत, हे वाचकांनीच मनात मोजावे.

कोणी म्हणतील, “आम्ही पट्टा आणून दिला तरी तो मनुष्यच बांधत नाही, त्याला आम्ही काय करावे?” हा आक्षेप आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर स्पष्टपणे दिले पाहिजे. मजुराने मुद्दाम नियम मोडला किंवा संरक्षक साधन काढून टाकले, तर मालकाची जबाबदारी टळते हे खरे. परंतु दुखापत साधी असेल तरच. मृत्यू आला किंवा कायमचे पूर्ण पंगुत्व आले तर ही सबब कायदा ऐकूनच घेत नाही. म्हणजे जेथे मोठा खर्च तेथेच ही ढाल निकामी! तेव्हा पट्टा आणून खुंटीला टांगणे हा सुरक्षिततेचा उपाय नव्हे. तो बांधल्यावाचून कोणी वर जाणार नाही अशी वाडीची रीत पाडणे हा उपाय होय.

“पण हे परवडावयाचे कसे?” हा दुसरा आक्षेप, आणि तो जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांची चौकशी १८७५ साली झाली व १८८१ साली पहिला कारखान्यांचा कायदा आला, तेव्हा हीच ओरड होती. देशी पत्रांपैकी कित्येकांनी त्यात मँचेस्टरचा डाव पाहिला, आणि मँचेस्टरचा हेतू निर्मळ होता असे आम्हीही म्हणणार नाही. पण नारायण मेघाजी लोखंडे यांनी मजुरांच्या बाजूने सभा भरविल्या, अर्ज केले, आणि आठवड्याच्या सुटीची मागणी तडीस नेली. त्या सुटीने गिरण्या बुडाल्या नाहीत. परक्याचा हेतू वाईट म्हणून आपल्या मजुराचे मरण स्वस्त ठरत नाही, एवढा विवेक लोखंड्यांनी त्या काळी दाखविला.

खर्चाचाच प्रश्न असेल तर जर्मनीतील व्यवस्था पाहण्याजोगी आहे. १८८४ च्या कायद्याने तेथे एका धंद्यातील सर्व मालकांची मंडळे बनविण्यात आली. अपघाताची भरपाई एकट्या मालकाने नव्हे तर मंडळाने द्यावयाची, आणि त्याबरोबर सुरक्षिततेचे नियम करण्याचा अधिकारही मंडळालाच. शेजाऱ्याच्या निष्काळजीपणाचा भुर्दंड आपल्यालाही बसतो असे दिसताच प्रत्येक मालक शेजाऱ्याच्या आवारावर डोळा ठेवू लागतो, आणि तेथे सरकारी तपासनीसाची वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडील वाडीला हे विशेष लागू आहे. नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता सामान्यतः दहा व अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते; दोन-तीन गडी लावणाऱ्या वाडीत तपासनीस येणार नाही. कित्येकांना ही सुटका वाटते. आम्हाला ती वाटत नाही, कारण तपासनीस आला नाही तरी पडणारा मनुष्य पडतोच.

आमची सूचना अशी की दिवेआगरच्या बागायतदारांनी एक मंडळ करावे. प्रत्येकाने आपापला पट्टा, आपापले यंत्र घेण्याचे कारण नाही. झाडावर चढण्याचे साधे यंत्र केरळात कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरीच्या जोसेफ यांनी बनविले व ते दक्षिणेत पसरले. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना त्याचे शिक्षण देऊन ‘नारळवृक्षाचे मित्र’ तयार केले आणि चढणाऱ्यांसाठी विम्याची योजना चालविली, जिच्या हप्त्याचा मोठा भाग मंडळच सोसते. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर सुपारीसाठी कार्बन तंतूची लांब, हलकी काठी निघाली आहे. जमिनीवर उभे राहूनच तिने घड कापता येतो व फवारणीही करता येते. ती महाग आहे. एका वाडीला झेपणार नाही, वीस वाड्यांना मिळून सहज झेपेल. वादळानंतर लावलेली रोपे आता फळावर येण्याच्या वयाला पोहोचत आहेत आणि अजून ठेंगणी आहेत. नव्या रीतीचा सराव करावयाचा तर तो याच झाडांवर करावा. श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे. प्रात्यक्षिकासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही.

वाडीबरोबरच ज्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत, त्यांना एक शब्द निराळा सांगितला पाहिजे. गर्दीच्या सुटीत शौचकूपाची टाकी भरते आणि घाईने कोणा गरिबाला आत उतरविले जाते. टाकीतला वायू डोळ्यांना दिसत नाही, आणि पहिल्याला वाचवावयास उतरलेला दुसराही वर येत नाही. संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच खेपेस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गटारात मेलेल्याच्या कुटुंबास तीस लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले आहे. उपसणारी गाडी बोलाविण्याचे भाडे याच्यापुढे काय आहे? दहा घरांनी मिळून ती ठरावीक दिवशी बोलाविली तर भाडेही वाटून जाईल.

दिवेआगरात कामावर असता मनुष्य मरतो तेव्हा त्याची मोजदाद कशी होते, याचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९९७ साली सुपारीच्या वाडीत खोदताना सापडलेला सुवर्णगणेश २४ मार्च २०१२ रोजी चोरीस गेला. त्या रात्री दोन पहारेकरी मारले गेले. पुढे वर्षानुवर्षे सोन्याच्या तोळ्यांची चर्चा झाली, आणि ती स्वाभाविकही होती. पण त्या दोघांचा मृत्यू हा कामावरचा मृत्यू होता, आणि एवढ्या मोलाच्या वस्तूच्या पहाऱ्यावर बसविलेल्या माणसांजवळ स्वतःच्या रक्षणासाठी काय होते, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

आता विम्याबद्दल. उंचावरून पडून खातेदार शेतकरी मेला तर त्याच्या घरी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाख रुपये येतात. खातेदाराच्या कुटुंबातील एकालाही ते संरक्षण आहे. म्हणजे सातबारावर ज्याचे नाव आहे, आणि जो पोफळीवर क्वचितच चढतो, त्याची सोय झाली; जो रोज चढतो त्याचे नाव सातबारावर नाही. त्याच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे: वर्षाला वीस रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण पंगुत्व आल्यास दोन लाख. मालकाची कायदेशीर जबाबदारी एवढ्याने फिटत नाही. त्यासाठी मंडळाने विमा कंपनीकडून सर्व गड्यांचा एकत्र विमा उतरविला पाहिजे. पण वीस रुपयांनासुद्धा जी वाडी महाग, तिने न परवडण्याची भाषा करू नये.

या सर्वांसाठी एक वही लागेल. ज्या गावी शके ९८२ चा मराठी ताम्रपट निघाला, त्या गावाला व्यवहार लिहून ठेवण्याचे महत्त्व आम्ही सांगावयास नको. वहीत गड्याचे नाव, वय, बँकेचे खाते, पट्टा शेवटचा तपासल्याची तारीख आणि हप्ता भरल्याची तारीख, एवढीच सदरे पुरेत. शेवटच्या सदराकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. वीस रुपयांच्या त्या विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मेला संपते. हप्ता कापण्याच्या वेळी गड्याच्या खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर संरक्षण तेथेच तुटते. फवारणी जूनमध्येच सुरू होते.